शेजारचा बांध

राम राम मंडळी.

रावेरहून खंडव्याकडे गाडी निघाली की बऱ्हाणपूर लागतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खानदेशाची ती राजधानी. तापीच्या काठावर शाही किल्ला अजून उभा आहे. १६८१ च्या नोव्हेंबरात औरंगजेब इथे उतरला. अफाट फौज होती, खजिना होता. उत्तरेत तो पुन्हा कधी गेला नाही. १७०७ मध्ये नगरजवळ वारला.

एवढी मोठी सत्ता थकली कशी? मला वाटतं, लढाया हरून नव्हे, जिंकूनच.

शेजाऱ्याचा बांध आपल्या डोळ्यांत सलतो, पण वरच्या शिवारातला लोंढा तोच अडवतो, हे तुम्हाला सांगायला नको. विजापूर आणि गोवळकोंडा हे तसे बांध होते. बादशहाने १६८६ आणि १६८७ मध्ये दोन्ही फोडले. तिथले बेकार झालेले कितीतरी शिपाई मराठ्यांना येऊन मिळाले आणि थेट कर्नाटकापर्यंतचा मुलूख राखायचं ओझं एकट्या मुघलांच्या खांद्यावर आलं.

१६८९ मध्ये त्याने संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली, बाल शाहू कैदेत आले. तेव्हाच तह करून परतणं शक्य होतं. पण शेवट कुठे करायचा, हे ठरलेलंच नव्हतं. राजाराम महाराज जिंजीला गेले, तर तिथे आठ वर्षं वेढा. मग सह्याद्रीतला एकेक किल्ला! १७०० मध्ये साताऱ्याच्या तटाखाली सुरुंग पेरला. तो फुटला तेव्हा दरडीखाली मुघलांचेच शेकडो सैनिक गाडले गेले. सिंहगड घेतला, तो मराठ्यांनी थोड्याच काळात परत मिळवला. इकडे सरदारांना जहागिरी मिळायची ती कागदावर. गावचा वसूल मराठ्यांच्या घोडेस्वारांनी आधीच नेलेला असायचा. पगार थकलेलं सैन्य किती दिवस लढणार?

आपल्या काळातही रशिया अफगाणिस्तानात दहा वर्षं अडकला, अमेरिका वीस.

खानदेशाचं मात्र सांगायलाच हवं. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने इथल्या गावच्या पाटलांकडून चौथाईचे, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा देण्याचे, करार लिहून घेतले होते. बादशहा गेल्यावर बारा वर्षांनी, १७१९ मध्ये, दिल्लीच्या दरबाराने दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद शाहू महाराजांना दिली. त्या सहांत खानदेश होता.