ड्रॉइंगच्या सरांची भट्टी

खानापूरजवळची ही मलप्रभा. कणकुंबीच्या डोंगरातून निघालेली. इथल्या मातीनं कितीतरी घरांवर कौलं चढवली. कुंभारकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योग आयोगाची संस्थाही खानापुरातच आहे.

चाकावर बसलेले हे गृहस्थ मात्र कुंभार नव्हेत. मराठी शाळेत ड्रॉइंग शिकवतात. आठवडाभर ड्रॉइंगच्या लोअर-हायर परीक्षांची तयारी, पेन्सिली, खोडरबर. रविवारी मात्र हे.

सरांच्या शेजारी पूर्वी कानडी घर होतं. बेंदूर होऊन पंधरा दिवस झाले की त्यांची मण्णेत्तिन अमावास्या यायची, मातीच्या बैलांची. उरलेला चिखल सरांच्या वाट्याला. पहिल्या बैलाला शिंगं झकास जमली, पाय टिकले नाहीत.

(फक्त मळण्याचा आवाज. निवेदन थांबेल.)

माती आधी वाळवायची, कुटायची, भिजत घालायची, कापडातून गाळायची. मग मळणं. पुरणपोळीच्या कणकेला जितकं तिंबतात त्याहून जास्त. बुडबुडा राहिला की भांडं फुटतं, असं मुलं ठासून सांगतात. सर दुरुस्त करतात, फोडते ती आत राहिलेली ओल. म्हणून जाड बुडाचं भांडं ते आठवडाभर सावलीत ठेवतात, वर ओलं फडकं. उन्हात ठेवलं तर काठ आधी सुकतो, बूड मागे राहतं, आणि मधे तडा.

आता बघा, गोळा मध्यावर येतोय. कोपरं मांडीला टेकलेली, श्वास रोखलेला. सर म्हणतात, कागदावर रेघ चुकली तर खोडता येते. इथं चुकली तर सगळा गोळा पुन्हा मळायचा. तक्रार नाही ही. आवडतं त्यांना ते.

भट्टी विटांची, सरांनी स्वतः रचलेली. सकाळी बारीक काटक्या, नुसती धग. ओल निघून जाईपर्यंत कुणी घाई करायची नाही. दुपारनंतर लाकूड. 573 अंशांच्या आसपास मातीतले गारगोटीचे कण एकदम फुगतात आणि थंड होताना तिथंच पुन्हा आवळतात, त्यामुळे चढणंही सावकाश, उतरणंही सावकाश. रात्री आत केशरी उजेड दिसतो. (आमच्या कॅमेऱ्याला तो नीट पकडता आला नाही. प्रत्यक्षात तो याहून पिवळा होता.)

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडायचं नाही. मुलं सकाळपासून येऊन बसलेली.

(भट्टी उघडताना निवेदन नाही.)

"सर, आटला की ओ माझा कप!"

"आटणारच की रे. पाणी गेलं त्यातलं."

वाळताना आणि भाजताना मिळून ही माती साधारण दहावा हिस्सा आक्रसते. सर हे आधी सांगत नाहीत. कप हातात आला की आपोआप कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि आमचंही. ड्रॉइंगचा तास म्हणजे फळ्यावरचा आंबा वहीत उतरवणं, एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी या मुलाचा चेहरा बघावा.

सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. जवळच्या दोन शाळांत ड्रॉइंगची जागा रिकामीच आहे.

या खेपेला एक मोठा वाडगा तडकला. सरांनी तो उन्हात धरून आरपार पाहिला, पुसला, पिशवीत घातला. सोमवारी वर्गात त्यात ब्रश उभे होते.