माग गेला, खळगे राहिले

अध्यक्षमहाराज, विषय छापलाय 'मिळकत विक्री, महापालिकेच्या अटी आणि एजंट'. वीस मिनिटं दिलीत, त्यातली चार सत्कारात गेली. नारळ मात्र मी घरी नेणार.

आधी सांगा एजंट मंडळी, गिऱ्हाइकाला घर दाखवण्याआधी मिळकतकराचा उतारा कोण कोण बघतं? हात वर करा. तीन. त्यातले एक पंखा वाढवायला उठलेत.

मीही बघत नव्हतो. सोलापूरच्या पूर्व भागात एका अण्णांचं घर विकायला घेतलं होतं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याची लांब खोली. गिऱ्हाईक जुळे सोलापूरचं, नवरा-बायको दोघंही शिक्षक. बाईंना मागची खोली फार आवडली. "इथं शिकवणी घेईन," म्हणाल्या. फरशीत सिमेंटनं बुजवलेले चार खळगे होते. मी त्यावर उभा राहूनच दर बोललो. एकदा तरी विचारावं की नाही, "अण्णा, हे काय?" नाही विचारलं. अहो, सोलापुरात जन्मलेल्या माणसाला फरशीतले चार खळगे दिसले की यंत्रमाग आठवायला नको?

कराची पावती मागितली. अण्णांनी पिशवीतून काढली, चालू वर्षाची, हळदीचा डाग असलेली. मी खूश. इसार झाला, खरेदीखत झालं, पेढे वाटले. महापालिकेत नाव लावायला गेलो तर कळलं, मागच्या शेडला स्वतंत्र मिळकत क्रमांक आहे. आकारणी बिगरनिवासी, नाव अण्णांच्या थोरल्या भावाचं, आणि थकबाकी नऊ वर्षांची! माग भंगारात गेला, पण कागदावर तो अजून खडखडत होता. बाई मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तर पावती बघितली होती ना?" यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. माझी दलाली त्या थकबाकीतच गेली, आणि ती जायलाच हवी होती. अण्णांनी लपवलं नव्हतं. मी एकच पावती मागितली, त्यांनी एकच दिली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्द्याचं पटापट सांगतो.

मिळकतकराची बाकी हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा. मालक बदलला तरी तो घराला चिकटून राहतो. दस्त नोंदला म्हणजे महापालिकेत नाव लागलं असं नाही. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा, जोडून वेगळा अर्ज लागतो, आणि हस्तांतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. म्हणून क्रमांक किती, आकारणी कसली, नाव कुणाचं, हे इसाराआधी बघा. 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलेला भाग असेल तर बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीची की महापालिकेची, ते तपासा. गुंठ्याचा प्लॉट, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेला जमिनीचा तुकडा, 'होईल हो नियमित' म्हणून विकू नका. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा आहे आणि 2021 च्या सुधारणेनं मुदत फक्त 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या कामांना दिलीय. मंजूर नकाशा हातात घेऊन मजले मोजा, नुसता खिशात ठेवू नका. फ्लॅट असेल तर वापर परवाना, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागा. आणि रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकणार असाल तर तुमची स्वतःचीही नोंदणी लागते, प्रकल्पाची पुरत नाही.

भोगवटादार वर्ग दोनचं, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचं, राहिलं. कलेक्टरची परवानगी, नजराणा... ते चहाला विचारा, अध्यक्ष घड्याळाकडं नाही, माझ्या नारळाकडं बघायला लागलेत.