बंदीचे दोन महिने

(पहाट, पाचूबंदर. फक्त इंजिनचा आवाज.)

मे महिना संपत आलाय. वसईच्या किल्ल्याला लागूनच हा कोळीवाडा, बांबूंवर बोंबील वाळतायत, आणि आत्ता बोटीवरनं उडी मारून जो दोर ओढतोय ना, त्याचीच ही गोष्ट. वय तेवीस, बीकॉम झालेला, वडलांबरोबर मासेमारीला जातो. त्याला वाटतंय आपण फादर व्हावं. वाटतंय, अजून ठरलेलं नाही. चेहरा आणि नाव दाखवू नका म्हणाला, "नाही जमलं तर लोक आयुष्यभर विचारतील". म्हणून तुम्हाला त्याचे हात दिसतील, पाठ दिसेल.

हे डोल जाळं. हे माशाच्या मागे जात नाही, भल्यामोठ्या पिशवीसारखं असतं आणि पाण्याच्या ओढीच्या समोर तोंड करून बांधून ठेवायचं, भरती ओहोटीच्या जोराने मासा आपोआप आत येतो, आणि मग पाणी फिरायच्या आधी ते उचलायचं, उशीर झाला तर आत आलेलं परत बाहेर. वडील आम्हाला हे दाखवत होते तेव्हा मी सहज विचारलं, पोराचं काय वाटतं? जाळ्याकडेच बघत म्हणाले, "घाईने उचललं तरी रिकामं येतं."

सुरुवात कशी झाली? महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजारी माणसांना कम्युनियन, म्हणजे प्रार्थनेतली पवित्र भाकर, द्यायला घरोघरी जातात, हा वेदीसेवक, म्हणजे चर्चमध्ये वेदीपाशी फादरांना मदत करणारा मुलगा, होता तेव्हापासून मेणबत्ती घेऊन सोबत जायचा. एका घरी एका म्हातारीने फादरांचा हात धरला तो सोडेचना. तेवढंच. आकाशवाणी वगैरे काही नाही. बायबलमधल्या शमुवेल नावाच्या मुलालाही रात्री हाक आली तर तो तीन वेळा उठून एलीकडेच, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या याजकाकडेच, पळाला, त्याला वाटलं म्हातारा बोलावतोय, आणि ही हाक देवाची आहे हे शेवटी त्या एलीलाच समजलं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण पाचारण, म्हणजे देवाची हाक, ओळखायला दुसरं माणूस लागतं हे त्यात आहे.

(वहीचा क्लोजअप. पावसाचा आवाज.)

एक जून. मासेमारी बंद, एकतीस जुलैपर्यंत. बोटी वर ओढल्यात, त्यावर निळी ताडपत्री, ओट्यावर जाळी शिवायचं काम. हे दोन महिने तो रोज संध्याकाळी या वहीत लिहितो. त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शक फादरांनी सांगितलंय, दिवसभरात कुठला विचार आला ते लिही आणि तो विचार गेल्यावर मनात काय उरलं तेही लिही. ही रीत सेंट इग्नेशियस लोयोलाची. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणात, वाचायला शूर सरदारांच्या कथा मागितल्या तर घरात नव्हत्या, मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. मग त्याच्या लक्षात आलं की लढाईची, नावलौकिकाची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद नंतरही टिकतो. त्यावरूनच पुढे त्याने नियम लिहिले. त्यातला एक या वहीच्या पहिल्या पानावर आहे, मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

एका पानावर लिहिलंय, "लग्नाचा विचार आला. वाईट नाही वाटलं." मी त्याला म्हटलं हे दाखवू का, तर म्हणाला दाखवा, तेही खरंच आहे.

समजा सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, गेलाच, तरी लगेच कोणी फादर करत नाही. नियमाने कमीत कमी दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईशज्ञान, म्हणजे देवाधर्माचा अभ्यास, त्यात तयारीचं वर्ष आणि मधला प्रत्यक्ष कामाचा काळ धरला तर आठ नऊ वर्षं सहज जातात. गोरेगावला सेंट पायस टेन सेमिनरी आहे, पुण्यात पेपल सेमिनरी, जी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. या सगळ्या वर्षांत तो चर्चला तपासतो आणि चर्च त्याला. आणि चर्चच्या कायद्यात, कलम १०२६, स्पष्ट लिहिलंय की गुरुदीक्षा, म्हणजे फादर होण्याची दीक्षा, घेणारा पूर्ण मोकळा असला पाहिजे, कोणावरही कसलीही जबरदस्ती करायला सक्त मनाई आहे. हे आपल्या गावागावात वाचून दाखवायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण पोराने नुसतं मनातलं बोललं की आपण त्याला "फादर" म्हणून हाका मारायला लागतो, आणि अर्ध्यातून परत आला की कुजबूज. परत येणाराही हाक ऐकूनच परत आलेला असू शकतो.

(किल्ला. भिंतींवर शेवाळ, हिरवंगार.)

जुलैमध्ये तो आम्हाला किल्ल्यात घेऊन गेला. हे संत गोन्सालो गार्सियाचं चर्च. गोन्सालो वसईतच जन्मला, पोरवयात जेझुइट नावाच्या संघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, त्यांच्यासोबत काम केलं, पण त्या संघात काही शिरला नाही. मग चक्क व्यापार केला, आणि चांगला चालला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला, तेही फादर नाही, ब्रदर, म्हणजे गुरुदीक्षा न घेतलेला संघातला माणूस. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये तो संत जाहीर झाला. आपण सणाला फक्त शेवटचं ऐकतो. हा मुलगा मात्र मधल्या व्यापाराच्या वर्षांबद्दलच विचारत होता, तेव्हा त्याला काय वाटत असेल, आपलं चुकलं असं वाटलं असेल का. उत्तर आमच्याकडे नव्हतं. बराच वेळ तो तिथे बसला, पाऊस आला तरी उठला नाही. हा शॉट आम्ही कापलेला नाही.

एकुलता एक मुलगा आहे, बोटीचं कर्ज आहे, त्यावर घरात बोलणं चालू आहे.

(एक ऑगस्ट, पहाट.)

बंदी उठली. ताडपत्री काढली, डिझेल भरलं, वडील पुढे, तो मागे. सेमिनरीचा फॉर्म वहीत आहे, भरलेला, सहीची जागा रिकामी. काठावर आई डबा घेऊन उभी आहे.

इथून पुढे मी बोलत नाही.