खाडीचं पाणी किती वाजता भरलं?

मंडळी, मागचा स्पीकर खरखरतोय म्हणून जरा पुढे सरकून बसा. खाडीच्या पाण्याचा सरकारी रिपोर्ट हातात आला की आपण आधी आकडा बघतो, पण त्याच्या आधी बघायचं ते सॅम्पल किती वाजता भरलं, आज मी एवढंच सांगायला आलोय.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे, पाण्याचा कायदा १९७४ चा. नद्या-खाड्यांच्या ठरलेल्या जागांवरून सॅम्पल लॅबमध्ये जातात, पीएच (पाण्याची आम्लता), बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते), डीओ, मैल्याचे जंतू बघून वॉटर क्वालिटी इंडेक्स काढतात आणि तो ६३ च्या वर असला की पाणी चांगलं धरतात. काम गरजेचंच आहे, ते बंद पडलं तर आपल्या हातात काहीच उरणार नाही.

आता डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मासा जगतो तो त्याच्यावर, समुद्राच्या पाण्यात आंघोळीसाठी जो दर्जा ठरवलाय त्यात लिटरला निदान ४ मिलिग्रॅम लागतो. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो खातात, त्यामुळे तो सगळ्यात कमी होतो पहाटे. त्यात आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती पूर्ण होते साधारण अकरा-बाराला आणि सुकती, म्हणजे ओहोटी, पहाटे, म्हणजे त्या दिवशी ऑफिसच्या वेळेत आलेला माणूस बाटलीत भरतो ते बरंचसं बाहेरून आत आलेलं समुद्राचं पाणी. त्याचा आकडा खोटा नसतो, फक्त मासा मरतो ती वेळ ही नव्हे.

हे मी स्वतः बघितलंय. पावसाळ्याच्या तोंडावर भोईवाडीतल्या काकांनी पहाटे हाक मारली, खाली गेलो तर बोयी मासे उलटे तरंगत होते, पाण्याला वास मारत होता. फोन केले, माणूस आला दुसऱ्या दिवशी दुपारी भरतीला, आणि रिपोर्टात डीओ उत्तम! काका मला म्हणाले, मास्तर, मग आमची बोय काय पोहायला विसरली? अजून आठवलं की पोटात कालवतं.

केमिस्ट्री शिकवली आयुष्यभर, म्हणून तेव्हापासून बाटली घेऊन जातो. बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, चहाच्या चोथ्यासारखा. नसेल तर ताकासारखा पांढरा. नेमका आकडा पुढे लॅबमध्येच निघतो, पण पांढरा साका शेंबडं पोरही ओळखेल.

आणि कागद मागायला लाजू नका. माधव गाडगीळांच्या समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला दिला, त्यात आपले रत्नागिरी-सिंधुदुर्ग आहेत, लोट्याच्या कारखान्यांचं आणि दाभोळ खाडीतल्या मासळीचं लिहिलंय, पण लोकांसमोर आला मे २०१२ मध्ये, तोही माहिती अधिकारात कुणी तरी भांडल्यावर. कारखान्यांना सांडपाणी सोडायला दिलेल्या संमतीचं रजिस्टरसुद्धा १९७४ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ज्याचा संबंध आहे त्याला बघता येतं. आपल्यापेक्षा जास्त संबंध कुणाचा?

सोबत आपली वही हवी: तारीख, तिथी, वेळ, भरती की सुकती, पाण्याचा रंग, कुठला मासा मेला. परवा अमावास्या आहे. बाटल्या मी आणल्यात, कुणाची होडी मिळेल सांगा, पहाटे पाच वाजता जेटीवर भेटू.