मीटिंग उठण्याआधी ठराव लिहा

मंडळी, आपल्या बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर भागात जुन्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. बंगल्यात असताना मोटर बिघडली की घरधनी एकटा निर्णय घ्यायचा. आता त्याच मोटरीसाठी वीस-बावीस कुटुंबांना एकत्र बसावं लागतं, आणि तसं बसायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. दोन-दोन तास मीटिंग चालते. दुसऱ्या दिवशी जिन्यात कुणी विचारलं, ‘काय ओ, मोटरीचं काय ठरलं?’, तर पाच जणांकडून पाच उत्तरं मिळतात. म्हणून आज मी ठरलेली गोष्ट कागदावर कशी आणायची, एवढ्यावरच बोलणार आहे.

सुरुवात नोटिशीपासून करू. बहुतेक नोटिशींत विषय असतो ‘पाणीप्रश्नावर चर्चा’. मग राकसकोप जलाशयाची पातळी, हिडकल धरणाचं पाणी, महापालिकेचा कारभार, सगळं निघतं आणि रात्रीचे दहा वाजतात. त्याऐवजी लिहा: ‘बोअरची मोटर दुरुस्त करावी की नवी बसवावी, याचा निर्णय करणे. दोन्हींची दरपत्रके सोबत जोडली आहेत.’ म्हणजे माणूस घरून विचार करूनच येतो. ‘ऐनवेळच्या विषयां’त पैशाचा निर्णय कधीच घेऊ नका. जो त्या दिवशी गावाला गेला, त्याच्या खिशाला न सांगता हात घालणं हा सरळ अन्याय आहे.

आता मतांचं. इथे बरेच घोळ होतात, त्याचं एक कारण म्हणजे पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे. ते आपल्या सोसायटीचे नियम पाठवतात, ते महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याखालचे. तुमच्या इमारतीचं डिक्लरेशन, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचं नोंदवलेलं घोषणापत्र, 1972 च्या कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायद्याखाली झालं असेल, तर ते नियम इथे चालत नाहीत. आपल्या कायद्यात सामाईक जागेतला प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा डिक्लरेशनमध्ये टक्क्यांत लिहिलेला असतो आणि बहुमत म्हणजे त्या टक्केवारीनं 51 किंवा जास्त. नुसते हात मोजले तर एका बाजूला तेरा आणि दुसरीकडे नऊ दिसतील, पण त्या नऊंत थ्री बीएचकेवाले जास्त असले तर ठराव नऊ जणांच्या बाजूनं जाऊ शकतो. सेक्रेटरींनी टक्केवारीचा तक्ता टेबलावर ठेवूनच बसावं.

तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, ‘मी लिफ्ट वापरत नाही, पैसे देणार नाही.’ कायद्यात याचं उत्तर आहे: सामाईक सोयीचा वापर सोडला म्हणून वर्गणी सुटत नाही. हे शांतपणे वाचून दाखवा आणि पुढच्या विषयाकडे वळा. त्यावर अर्धा तास भांडू नका.

आणि इतिवृत्त. ते चार दिवसांनी घरी बसून लिहायची पद्धत बंद करा. प्रत्येक विषय संपला की तिथेच तीन-चार ओळी लिहा: काय ठरलं, किती रकमेपर्यंत, कोण करणार, कधीपर्यंत, सूचक कोण, अनुमोदक कोण. ‘योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ हे वाक्य वहीत दिसलं की समजावं, काहीही ठरलेलं नाही. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, हरकत असेल तर तिथेच दुरुस्त करा, मग सही.

वाचायचं ते दोन्ही भाषांत. आपल्या इमारतीत मराठी आणि कन्नड दोन्ही घरं आहेत. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून सीमाभागातल्या माणसानं किती वर्षं घालवली, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग आपल्याच जिन्यातल्या शेजाऱ्याला न कळणाऱ्या भाषेतल्या ठरावाखाली सही करायला आपण लावू नये. मला हे फार मनापासून वाटतं.

हिशेबाचं थोडक्यात सांगतो. वह्या आणि व्हाउचर कुठल्याही मालकाला पाहता आले पाहिजेत, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी झालीच पाहिजे. बोर्डातले, म्हणजे मालकांनी निवडलेल्या व्यवस्थापक मंडळातले, किमान एकतृतीयांश सदस्य दरवर्षी निवृत्त व्हावेत, असंही कायदा म्हणतो. तेच तीन जण दहा वर्षं खुर्चीवर असतील तर पुढच्या नोटिशीत निवडणुकीचा विषय घाला.

गणपूर्ती किती, परगावच्या मालकानं मत कसं द्यायचं, हे तुमच्या बायलॉजमध्ये, म्हणजे इमारतीच्या उपविधींत, पाहा. बिल्डरनं ते कागद दिलेच नाहीत, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. डिक्लरेशन नोंदवलेलं असतं, त्याची नक्कल उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून मिळते. या आठवड्यात तो अर्ज करा.