जाळीच्या आधी पाणी

मित्रहो, डोंगरातल्या महामार्गावर दगड कोसळला की पहिली मागणी जाळीची होते. मी आज जाळीबद्दल थोडं आणि पाण्याबद्दल बरंच बोलणार आहे. रस्त्यावर येणारा दगड आणि रस्त्यावर धरणारा बर्फ, दोन्हींची सुरुवात बहुतेकदा एकाच ठिकाणी होते: कड्यात मुरलेल्या पाण्यात.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भेगेतला बर्फ पाचरीसारखा खडक उकलत जातो, दिवसा वितळलेलं पाणी आणखी खोल उतरतं, रात्री पुन्हा गोठतं. पण कडाक्याच्या थंडीत दगड फारसे पडत नाहीत, कारण सुटलेल्या दगडाला बर्फच धरून ठेवतो. धोका वाढतो तो थंडी ओसरताना, दिवसा पारा शून्याच्या वर आणि रात्री खाली जाऊ लागला की. त्याच दिवसांत कड्यावर लटकलेले बर्फाचे सुळके तुटून पडतात, आणि कड्यातून झिरपून रस्त्यावर आलेलं पाणी सावलीच्या वळणावर रात्री गोठतं. हा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की चालकाला फक्त ओला रस्ता दिसतो.

म्हणून पहिला खर्च निचऱ्यावर व्हावा, असं माझं ठाम मत आहे. कड्याच्या माथ्यावर पाणी अडवून बाजूला वळवणारा पक्का चर हवा. खडकात किंचित चढती छिद्रं पाडून त्यांत जाळीदार नळ्या बसवल्या की आतलं पाणी आपसूक बाहेर येतं. या नळ्यांची तोंडं गोठू देऊ नका. तोंड बंद झालं की मागे दाब साठतो आणि उपायच अपाय होतो. शॉटक्रीटचंही, म्हणजे कड्यावर फवारलेल्या काँक्रीटच्या थराचंही, तसंच. निचऱ्याची भोकं न ठेवता कड्यावर काँक्रीट फवारणं म्हणजे पाणी आत कोंडणं.

दुसरी गोष्ट कड्याच्या पायथ्याची. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात भूवैज्ञानिक आर्थर रिची यांनी उतारांवरून दगड सोडून त्यांची गती चित्रित केली आणि १९६३ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारणपणे फार उभ्या कड्यावरून दगड थेट खाली पडतो, मध्यम उतारावर उसळ्या घेतो, कमी उतारावर गडगडत येतो. पडणारा दगड अडवणारा रस्त्याकडेचा चर किती रुंद आणि किती खोल असावा, हे कड्याची उंची आणि उतार पाहून ठरवण्याची पद्धत त्यातून रुजली.

हा चर रिकामा असेल तरच उपयोगाचा. पडलेले दगड तसेच राहिले की तो भरतो. हिवाळ्यात तर रस्त्यावरचा बर्फ ढकलून नेमका त्यातच टाकला जातो, आणि दगड सुटण्याच्या ऐन दिवसांत चराच्या जागी घट्ट बर्फाचा चढ तयार असतो. त्यावरून उसळलेला दगड थेट गाड्यांमध्ये येतो. बर्फ कुठे टाकायचा हे हिवाळ्याआधी ठरवलंच पाहिजे.

आता जाळी. १ टनाचा दगड ३० मीटरवरून सरळ पडला, तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जातो आणि ऊर्जा सुमारे २९० किलोज्यूल होते. ताणली जाऊन ऊर्जा पचवणारी लवचीक कुंपणं याच्या कित्येक पट धक्का झेलतात. पण धक्क्यानंतर त्यांची तपासणी आणि सफाई हवीच. कड्यावर पांघरलेली साधी जाळी दगड थांबवत नाही, त्याला आवरत चरात आणून सोडते. म्हणजे पुन्हा चर आलाच. मोठे सुटे ठोकळे रॉक बोल्टने, म्हणजे खडकात खोल बसवलेल्या पोलादी सळयांनी, बांधता येतात. लहान दगड दरवर्षी थंडी सरल्यावर, वाहतूक थांबवून, माथ्यापासून खाली येत पाडून टाकणं बरं.

रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाबद्दल थोडक्यात: साधं मीठ उणे ९-१० अंशांखाली फारसं चालत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड किंवा पकड देणारी वाळू वापरावी. हिमवर्षावाआधी खारं पाणी फवारलं तर बर्फ रस्त्याला चिकटतच नाही.

हे सगळं सगळीकडे एकदम करायला पैसा पुरत नाही. म्हणून उतारांची क्रमवारी लावावी लागते: दगडांचा आकार, चराची क्षमता, चालकाला पुढचं किती दिसतं, वाहतूक किती, पूर्वी किती वेळा पडले. यातलं शेवटचं उत्तर दगड उचलणाऱ्या कामगाराकडेच असतं, आणि ते बहुधा कागदावर येत नाही. त्याच्या गाडीत एक साधी वही द्या: तारीख, किलोमीटर, दगडाचा आकार, रात्रीचं तापमान, कडा ओला होता का, चर किती भरलेला होता. पुढच्या वर्षीचा निचरा कुठे करायचा, ते या वहीतून ठरवा.