आइसलँडमध्ये पेगन म्हणून राहायचं तर

(दृश्य : थिंगवेल्लिरचे काळे कातळ, मधून वाहणारी नदी)

इसवी सन 1000च्या सुमारास इथे उघड्यावर भरलेल्या सभेत आइसलँडनं ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. निवाडा दिला सभेचे कायदा सांगणारे थोरगेर यांनी, जे स्वतः पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवांना मानणारे होते. पांघरुणाखाली एक दिवस, एक रात्र पडून राहिले आणि उठून म्हणाले, कायदा एक हवा, धर्मही एक हवा. कुणाच्या नजरेस न पडता जुन्या देवांना बळी द्यायची सवलत राहिली. थोड्या वर्षांत तीही गेली.

1972च्या एप्रिलमध्ये, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या सणाला, मेंढपाळ आणि कवी स्वेनब्यर्न बेंटेन्सन यांनी काही मित्रांना घेऊन आउसात्रू संघ, म्हणजे त्या जुन्या देवांना मानणाऱ्यांची धर्मसंस्था, काढला. पुढच्याच वर्षी सरकारी मान्यता मिळाली. तेव्हापासून संघाचे गोधी, म्हणजे पुरोहित, कायदेशीर लग्नं लावतात. नामकरण आणि अंत्यविधीही करतात.

(दृश्य : रेक्याविक, सरकारी नोंदणी कार्यालय)

इथे पेगन होणं हे आधी कागदाचं काम आहे. वय 16 पूर्ण असेल तर राष्ट्रीय नोंदणी कार्यालयात धर्मसंस्था बदलल्याचा अर्ज द्यायचा. दीक्षा नाही, शपथ नाही. एका वेळी एकाच संस्थेत नाव राहतं, त्यामुळे जुनी नोंद आपोआप रद्द होते. घोटाळा होतो तो आळसामुळे. आईवडील दोघे एकाच संस्थेचे असले तर मुलाचं नाव जन्मतःच तिथे लागतं. मोठेपणी संघाच्या विधींना जाणाऱ्या माणसाचा अर्ज द्यायचा राहून जातो, आणि सरकार दरडोई जे धर्मशुल्क देतं ते जुन्या संस्थेकडेच, बहुधा चर्चकडे, जात राहतं.

(दृश्य : उघड्या माळावर पेटवलेला अग्नी, भोवती माणसं)

मुख्य विधीला ब्लोत म्हणतात. माणसं अग्नीभोवती गोल करून उभी राहतात. गोधी जागा पवित्र करतो आणि शांततेची घोषणा करतो : इथे कुणी कुणाशी वैर धरायचं नाही. जुन्या देवांच्या कथा सांगणाऱ्या एड्डा काव्यातल्या ओव्या म्हटल्या जातात. मग पेयानं भरलेलं शिंग हातोहात फिरतं. देवांसाठी, पूर्वजांसाठी, भूमीच्या रक्षक शक्तींसाठी बोलून जो तो घोट घेतो, थोडं जमिनीवर ओततो. शेवटी जेवण. पशुबळी नाही, संघानं तो स्पष्ट नाकारला आहे.

शिंगातून प्यायला मात्र सवय लागते. टोक वर करून तोंडाला लावलं की पेय टोकात अडकतं, मग हवा आत शिरताच सगळं एकदम चेहऱ्यावर येतं. टोक खाली किंवा बाजूला ठेवून हळूहळू कलवावं. आतून मेणाचा लेप असेल तर गरम पेय वर्ज्य, लेप वितळतो. शिंग उभं राहत नाही, म्हणून स्टँड नसेल तर रिकामं झाल्याशिवाय खाली ठेवता येत नाही.

देवांबद्दल काय मानायचं, हे संघ सांगत नाही. 2003 पासून प्रमुख असलेले संगीतकार हिल्मर ओर्न हिल्मर्सन देवांचा प्रमुख असलेल्या एकडोळ्या ओदिनाच्या आठ पायांच्या घोड्याची गोष्ट रूपक म्हणून वाचतात. कुणी ती खरी मानली तरी त्याला गोलातून बाहेर काढत नाहीत. आमच्या मते संघाची ताकद याच ढिलेपणात आहे.

(दृश्य : अस्क्युहलीद टेकडी, मंदिराचं बांधकाम)

20 मार्च 2015, सूर्यग्रहणाचा दिवस. त्या दिवशी या टेकडीवर मंदिराच्या जागेचं पूजन झालं. इमारत पुढच्याच वर्षी उभी राहायची होती, पण काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्याच 2015च्या उन्हाळ्यात संघाला परदेशातून द्वेषाची पत्रं आली. लिहिणारे स्वतःला याच देवांचे भक्त म्हणवत होते, आणि राग होता तो संघ समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतो याचा. संघानं लग्नं लावणं थांबवलं नाही.